जर्मन कोर्ट, चारकोप सेक्टर पाच

मी चारकोपला घरात बसून जर्मनीच्या कोर्टाचं काम केलं, ही गोष्ट खरी आहे. माझ्यावर कुठलीही केस नव्हती, हीसुद्धा खरी आहे. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना पहिली गोष्ट पटत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना दुसरी. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो.

काम काय ते आधी सांगतो. मरोळला एक ऑफिस आहे; काम त्यांचं, कधी तिथे जाऊन करायचं, कधी घरून. जर्मनीतल्या एका विद्यापीठाला असा कॉम्प्युटर तयार करायचा आहे, की जो कोर्टाचा निकाल वाचेल आणि न्यायाधीशाने कुठली गोष्ट कशावरून ठरवली ते सांगेल. कॉम्प्युटरला हे आपोआप येत नाही. आधी माणसांनी शेकडो निकाल वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला रंग द्यायचा. निर्णय सांगणारं वाक्य लाल. कायद्याचा नियम सांगणारं निळं. तो नियम या भांडणाला कसा लागतो ते सांगणारं हिरवं. ते रंग बघून कॉम्प्युटर शिकतो. म्हणजे बालवाडीच, फक्त मूल लोखंडाचं आणि पालक जर्मन.

निळ्यात दोन छटा होत्या. ज्या नियमाला अपवाद नाही तो गडद निळा. ज्याला अपवाद चालतो तो फिका निळा. या दोन निळ्यांनी माझी वाट लावली. तिकडे येतोच.

मला जर्मन येते हे ऐकून लोक माझ्या चपलांकडे बघतात. माझा चेहरा जर्मन येणाऱ्या माणसाचा नाही हे मला मान्य आहे. पण मी मरोळच्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. मशिनं जर्मनीची, सुटे भाग जर्मनीचे, पुस्तकंही जर्मनीची. कंपनीने संध्याकाळचा क्लास लावला होता. आम्ही बारा जण बसलो, शेवटच्या परीक्षेला मी एकटा उरलो. बाकीच्यांना क्रियापदाने मारलं. जर्मन माणूस लांबलचक वाक्य बोलतो आणि क्रियापद शेवटी काढतो. आमच्या इंग्रजी शाळेतल्या इंजिनिअरांचा त्यात जीव जायचा. मला काहीच वाटलं नाही. आमच्या घरी शकूने वाक्य सुरू केलं की ती वस्तू आणायची आहे की टाकायची आहे, हे वाक्य संपेपर्यंत मलाही कळत नसे.

शकू माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले.

मुलगी संघमित्रा नाशिकला असते. मी सलग नऊ दिवस खिचडी खाल्ली, ही बातमी तळमजल्यावरच्या मालनवहिनींनी तिला फोन करून दिली. कशावरून कळली विचाराल तर कुकरच्या शिट्ट्यांवरून. संघमित्राने लगेच मला फोन केला.

"पप्पा, घर बंद करा आणि इकडे या."

"मी कामाला लागतोय," मी म्हणालो. अर्ज मी खरंच केला होता. जर्मन येणारी माणसं हवीत असं त्यांनी छापलं होतं, वयाचं काही छापलं नव्हतं.

"सदुसष्टाव्या वर्षी? कसला टाइमपास?"

मी सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "बरं. काम टिकलं तर राहा. नाही टिकलं तर दिवाळीच्या आत येऊन घेऊन जाणार. आणि यावर वाद नको." हे 'वाद नको' तिने आईकडून घेतलं आहे.

माझं म्हणणं फार मोठं नव्हतं. या घरातला ओटा शकूने गवंड्याला समोर उभं करून, स्वतःच्या कोपराची उंची मोजून बांधून घेतला होता. मला त्याच ओट्यावर चहा करायचा होता, बस.

कामाच्या आधी तीन फेऱ्यांची परीक्षा होती. पण परीक्षेच्या आधी कागद होते. आधार कार्डावर मी शिवदास खरात, पॅन कार्डावर शिवादास. हा 'वा' कुठून आला याचा शोध घेण्यात अकरा दिवस गेले. तो काढला, तर मरोळच्या ऑफिसने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. परदेशी कोर्टाचे कागद हाताळणार, म्हणून.

पोलीस ठाण्यात टेबलाशी बसलेले साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "दाखला कशाला हवा?"

"कोर्टाच्या कामासाठी."

"कुठलं कोर्ट? बोरिवली? दिंडोशी?"

"जर्मनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय केलंत?"

"काही नाही. निकाल वाचतो आणि रंगवतो."

"रंगवता?"

"लाल, निळा, हिरवा. निळ्यात दोन प्रकार."

"कोणाचे निकाल?"

"नावं खोडलेली असतात. नुसतं के आणि बी."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज मऊ करून म्हणाले, "काका, घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा कशाचा होता हे मला कळलं. एकतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय एक बोल्ट हलला नाही, त्या माणसाला असा चहा पाजतात. मी तो प्यालो. चांगला होता, हा आणखी एक अपमान.

दोन दिवसांनी त्यांचा शिपाई चौकशीला आला. मी नेमका दळण आणायला गेलो होतो. त्याने खाली मधुकरला गाठलं आणि विचारलं, "खरात इथेच राहतात का? ते जर्मनीच्या कोर्टाचं काहीतरी आहे."

मधुकर परब कणकवलीकडचा. पहिल्या मजल्यावर राहतो, पण असतो कायम जिन्यात. मी दळण घेऊन आलो तर तो डबा माझ्या हातातून घेत म्हणाला, "रे शिवदासा, तुझ्यार जर्मनीत केस झाली आणि माका सांगूक नाय?"

"माझ्यावर केस नाही रे."

"सगळे तसाच म्हणतत. घाबरू नको. आमच्या फणसाची केस सव्वीस वर्सां चलता हा. काय झाला? फणस मोठो झालो, इतक्याच."

संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. कोणी सांगितलं पासपोर्ट लपव. कोणी सांगितलं पासपोर्ट दाखव, म्हणजे तू तिकडे गेलाच नव्हतास हे सिद्ध होईल. मी म्हणालो की मी तीन महिने गेलो होतो, ट्रेनिंगला. मधुकर हळूच म्हणाला, "म्हणजे थंयसरच काय तरी झालेला हा."

केस नाही हे मी चार दिवस घसा कोरडा करून पटवलं. त्याचा परिणाम असा झाला की मी तिथला जज आहे अशी बातमी पसरली. पाचव्या दिवशी फलकावर नोटीस लागली. सोसायटीच्या सचिव मालनवहिनी. त्यांचं अक्षर सुरेख आहे.

'खोली क्र. २०४ मध्ये परदेशी न्यायालयीन कामकाज चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. निवासी जागेत न्यायालय चालवण्यास परवानगी नाही. पक्षकारांनी आपली वाहने आवारात लावू नयेत.'

मी खाली गेलो. "वहिनी, पक्षकार जर्मनीत आहेत. ते गाड्या इथे कशाला लावतील?"

"भावजी, नियम सगळ्यांना सारखा. हे कोर्ट नाही असं कोर्टाचं पत्र आणा."

मरोळच्या ऑफिसने विद्यापीठाला कळवलं. विद्यापीठाने शिक्का मारून पत्र पाठवलं, अर्थात जर्मनमध्ये. वहिनी म्हणाल्या मराठी भाषांतर द्या. मी दिलं. त्या म्हणाल्या, भाषांतर बरोबर आहे असं जर्मन येणाऱ्या माणसाने लिहून द्यायला हवं.

"आपल्याकडे जर्मन येतं कोणाला?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "तुम्हालाच."

मग माझं भाषांतर मी तपासलं, बरोबर असल्याचं मीच प्रमाणित केलं, आणि सोसायटीने ते दाखल करून घेतलं. जर्मनांच्या शिस्तीचं कौतुक सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या सोसायटीची फाइल बघावी.

आता परीक्षा. एकच निकाल दोन माणसांनी वेगवेगळा रंगवायचा, एकमेकांशी न बोलता. जिथे रंग जुळले नाहीत तिथे एकाने माघार घ्यायची, नाहीतर जर्मनीतली बाई ठरवणार. असे शेवटी शंभरातले किती बरोबर, ते मोजायचं. पहिल्या दोन फेऱ्या सरावाच्या, तिसऱ्यात ऐंशी हवेत. माझा जोडीदार हर्षद, कायद्याचा पदवीधर, दोन वर्षं जर्मनीत शिकून आलेला. पोरगा सज्जन. मला 'सर' म्हणायचा, आणि रंग मात्र चटाचटा द्यायचा.

पहिल्या फेरीत मला एकसष्ट पडले. हर्षदला नव्वद.

हे सगळं बघणारी जान्हवी मॅडम. वय असेल तिशीच्या आसपास, मला काका म्हणायची. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "काका, तसं छान आहे."

मी थांबलो. तिला वाटलं मला वाईट वाटलं. वाईट वाटलंच होतं, पण कारण वेगळं होतं.

शकूच्या शेवटच्या तपासणीला डॉक्टर असंच म्हणाले होते. "तसं रिपोर्ट चांगले आहेत." मी इतका खूश झालो की दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पेढे घेतले, पाव किलो. शकू रिक्षात बसली आणि म्हणाली, "अहो, ते 'तसं' म्हणाले. ऐकलं नाहीत का?" मी नव्हतं ऐकलं. पेढे तिने मधुकरच्या घरी दिले. त्यानंतर ती सात आठवडे होती.

जान्हवीच्या समोर बसून मला कळलं की मी पुन्हा तेच केलं होतं. जर्मनमध्ये एक शब्द आहे, ग्रुंडझेट्सलिश. मशीनच्या पुस्तकात तो आला की त्याचा अर्थ, काहीही झालं तरी. क्लास केल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी तो तसाच वाचला. त्यामुळे कोर्टाच्या निकालात तो दिसला की मी डोळे मिटून गडद निळा ओतत होतो. पण कोर्टाचा ग्रुंडझेट्सलिश वेगळा निघाला. न्यायाधीश म्हणतो की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी ग्रुंडझेट्सलिश कापता येते, आणि चार ओळींनी सांगतो की या शेजाऱ्याला मात्र येत नाही. म्हणजे तो आपला 'तसं' होता. तसं कापता येते. पुढे 'पण' येणार, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं.

मी जान्हवीला एवढंच म्हणालो, "मॅडम, हा शब्द म्हणजे आपलं 'तसं'." ती आधी हसली. मग तिने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात नव्या आलेल्या चार मुलांना तसंच शिकवलं. मी पलीकडच्या टेबलावर होतो. मान खाली घालून काम करत होतो, पण कान तिकडे होते.

दुसऱ्या फेरीत सत्त्याहत्तर.

सोसायटीत आकडा रोज विचारला जाऊ लागला. मधुकरने त्याच्या फणसाची फाइल आणून ठेवली, "कामात काम, ह्येका पण रंग लाव." मी चार पानं वाचली. सव्वीस वर्षांत एकही वाक्य लाल नव्हतं.

तिसरी फेरी झाली आणि एकोणऐंशी पडले.

जान्हवीने मला बाजूला घेतलं. "काका, एकाच वाक्यावर अडलंय. बाकीचे वाद मिटले. हे एक तुम्ही बदललंत की ऐंशी. मी काही सांगितलं नाही हं."

मी ते वाक्य काढून बघितलं. भांडण एका बेकरीवाल्याचं होतं. पीठ मळायच्या मशीनचं झाकण उघडताना कामगाराचा हात आत गेला. मालक म्हणत होता मशीनमध्ये दोष, कंपनी म्हणत होती पुस्तकात सगळं लिहिलं होतं. आणि कोर्टाने त्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं निकालात घेतलं होतं: झाकण उघडण्याआधी मशीन ग्रुंडझेट्सलिश बंद करावे. हर्षदने फिका निळा दिला होता. मी गडद.

'तसं'ची शिकवण मीच दिली होती, आता तीच माझ्या अंगावर आली होती. रंग बदलून टाकायला माउसचा एक धक्का पुरे होता. एका धक्क्यात ओटा, चहा, सगळं वाचत होतं. मी माउसवरून हात काढला आणि जान्हवीला म्हणालो, "हे वाक्य जर्मनीला पाठवा."

"काका, त्यांनीही फिकाच सांगितला तर मग काहीच हातात नाही राहणार."

"पाठवा."

शनिवारी संघमित्रा दोन रिकाम्या मोठ्या बॅगा घेऊन आली. एकोणऐंशीचा आकडा तिला मालनवहिनींनी कळवला होता. तिने काही न बोलता कपाट उघडलं आणि माझे स्वेटर काढायला घेतले. मी म्हणालो, सोमवारी दुपारी फोन आहे. ती म्हणाली, "तोपर्यंत स्वेटर तर होतील."

सोमवारी लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवला. जर्मनीच्या बाई डॉक्टर लेंगफेल्ड, पांढरे केस, चष्मा गळ्यात. एका चौकोनात हर्षद, एकात जान्हवी. संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात, हातात माझी घडी केलेली शाल.

हर्षदने आपली बाजू छान मांडली. "सर, कायद्याच्या जर्मनमध्ये या शब्दाला अपवाद असतोच. तुम्हीच सांगितलंत ना."

"सांगितलं. पण हे कायद्याचं जर्मन नाही. हे झाकणाचं जर्मन आहे."

बाईंनी विचारलं, म्हणजे काय? मी जर्मनमध्ये सांगायला लागलो. व्याकरण कुठे कुठे तुटलं असेल, पण क्रियापद शेवटी गेलं.

मी सांगितलं की शहाण्णव साली आमच्याकडे धम्मपाल नावाचा ऑपरेटर होता. आमच्या मशीनच्या पुस्तकात हेच वाक्य होतं. इंग्रजी पुस्तकात कोणीतरी या शब्दाचं 'जनरली' केलं होतं. सुपरवायझरने त्याचं मराठी केलं, 'साधारणपणे मशीन बंद करावे.' धम्मपालला वाटलं, साधारणपणे म्हणजे एखाद्या वेळी चालतं. त्या दिवशी पाकिटं अडकली होती, माल जायचा होता. त्याने चालू मशीनचं झाकण उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी स्टोअरमधून कापूस घेऊन धावलो होतो. नंतर जर्मन इंजिनिअर आला तेव्हा मी त्याला मूळ पुस्तक दाखवून विचारलं, इथे साधारणपणे असं लिहिलंय का? तो म्हणाला, नाही, इथे कधीच नाही असं लिहिलंय. म्हणून मी क्लासला बसलो. बाकीचे प्रमोशनसाठी बसले होते, म्हणून उठले. नंतर मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून प्रत्येक मशीनवर लावली. मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत त्या खात्यात एक नखसुद्धा गेलं नाही.

"हा न्यायाधीशाचा शब्द नाही," मी म्हणालो. "त्याने तो पुस्तकातून उचललाय. पुस्तक लिहिणाऱ्याला अपवाद नको होता."

बाईंनी चष्मा लावला, निकालातला तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग विचारलं, "पाटीवर काय लिहिलं होतंत?"

मी मराठीत सांगितलं. "झाकण उघडण्याआधी मशीन बंद. बंद म्हणजे बंद."

त्यांनी 'बंद' हा शब्द दोनदा उच्चारून बघितला. अर्थ मी सांगितला, त्यांनी लिहून घेतला. मग म्हणाल्या की हेर खरात, म्हणजे श्रीयुत खरात, यांचा रंग बरोबर आहे. आणि कामाच्या नियमावलीत एक नवं कलम घालू: निकालात दुसरीकडचं वाक्य घेतलं असेल तर ते जिथलं आहे तिथल्या भाषेत वाचावं. उदाहरण म्हणून हेच वाक्य घेऊ, कोणाकडून आलं त्या नावासकट.

हर्षदचा एक गुण गेला. तोच आधी टाळ्या वाजवायला लागला. जान्हवी ओरडली, "ऐंशी, काका! झकास!" मी हेर खरात, म्हणून गंभीर बसून राहिलो. कॅमेरा बंद झाल्यावर मात्र चष्मा पुसावा लागला.

संघमित्रा दारातच उभी होती. "ही बोटांची गोष्ट मला कधी सांगितली नाहीत."

"तू तेव्हा चार वर्षांची होतीस."

"मग पाच वर्षांची झाले तेव्हा सांगायची." ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं, मग बॅगेची चेन, मग पुन्हा कपाट. मी विचारलं नाही. जान्हवीने नवा निकाल पाठवला होता, तो उघडला. कोणी तरी कोणाच्या तरी कुंपणाला काहीतरी केलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. संघमित्राने दार उघडलं. मधुकर होता.

"शिवदास खंय?" त्याने तिथूनच आत डोकावत विचारलं. "एक चांगलो वकील गावलो हा."

"काका, संध्याकाळी या," संघमित्रा म्हणाली. "पप्पा कामावर आहेत."

त्या नादात मी कुंपणाचं पहिलं वाक्य हिरवं केलं. ते चक्क लाल होतं. मी ते पुसलं आणि पुन्हा नीट रंगवलं.